उजव्या कोपऱ्यातला जांभळा उजेड

एप्रिलच्या मध्यावर ज्येष्ठा रात्री दहाच्या पुढे उगवते आणि साडेतीनच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येते. तिच्या शेजारचे भुजंगधारीतले रंगीत तेजोमेघ आणि त्यांना चिरत जाणारे काळे धूळपट्टे टिपायचे होते. 135 मिमीची लेन्स, एफ/2.8, आयएसओ 1600, 180 सेकंदांची एक अशा 40 फ्रेम. कॅमेरा जुना डीएसएलआर, एपीएस-सी सेन्सर, 14 बिट रॉ, कूलिंग वगैरे काही नाही. ट्रॅकिंग नीट होतं, तारे गोल होते, फोकस बरोबर होता. सगळ्या फ्रेम स्टॅक करून (एकावर एक ठेवून सरासरी घेऊन) चित्र ताणलं, म्हणजे फिके भाग उजळले, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात जांभळट उजेड उगवला. कोणीतरी चौकटीबाहेर मंद दिवा लावून ठेवावा तसा. खगोलछायाचित्रणात अशा उजेडाला सरसकट अ‍ॅम्प ग्लो म्हणतात.

शेतात उभं राहून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फ्रेम पाहताना यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि ते साहजिक आहे. 40 फ्रेमची सरासरी घेतली की दर फ्रेमला बदलणारा नॉइज साधारण सहा पटींनी खाली बसतो. पण दर फ्रेमला त्याच जागी, तेवढाच पडणारा उजेड बसत नाही. बाकीचं सगळं शांत झालं की तोच उठून दिसायला लागतो. जितकं चांगलं स्टॅकिंग, तितका ग्लो स्पष्ट.

पहिली चूक नेहमीची. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा उजेड वजा करणारं सॉफ्टवेअरमधलं साधन) चालवलं, कोपरा सपाट केला आणि सुटलो असं वाटलं. प्रत्यक्षात ज्येष्ठाभोवतीचा पिवळा परावर्तन तेजोमेघही अर्धा पुसला गेला. हे साधन ‘इथे नुसतं आकाश आहे’ असे नमुने धरून पृष्ठभाग बसवतं, आणि भुजंगधारीच्या या भागात नुसतं आकाश असं कुठे सापडतच नाही, सगळीकडे धूळ आहे. एखादी छोटी दीर्घिका चौकटीच्या मधोमध असेल तर ही युक्ती खपून जाते. इथे नाही. म्हणून आधी हा उजेड कुठला, हे शोधणं आलं.

आकाशातला की कॅमेऱ्यातला, हा पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. कॅमेरा लेन्ससकट 180 अंशात फिरवायचा आणि त्याच भागाची आणखी एक फ्रेम घ्यायची. जवळच्या गावाचा किंवा चंद्राचा उजेड असेल तर तो ताऱ्यांबरोबर समोरच्या कोपऱ्यात जातो. सेन्सरचा असेल तर तारे जातात, उजेड खालच्या उजव्या कोपऱ्यातच बसून राहतो. आपला तिथेच बसला. मग लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगवर एक डार्क फ्रेम घेतली, तर तीत ज्येष्ठा नाही, तेजोमेघ नाही, पण कोपरा आहे.

इथे एक सावधगिरी. डार्क फ्रेम ऑटो-स्ट्रेचमध्ये उघडली की जगातल्या कुठल्याही कॅमेऱ्याची डार्क भयंकर दिसते. ऑटो-स्ट्रेच समोर जे काही असेल ते पडदाभर ताणतो, मग तो फरक दोन-चार पातळ्यांचा का असेना. त्यामुळे डोळ्यांवर विश्वास न ठेवता आकडे काढावेत. सिरिल या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल डिबायर न करता, म्हणजे रंगीत चित्र न बनवता, उघडायची, कोपऱ्यात 200 बाय 200 पिक्सेलचा चौकोन आखायचा, त्याचा मध्यक घ्यायचा, आणि तसाच चौकोन चौकटीच्या मध्यावर. नुसती सगळ्या फ्रेमची सरासरी बघून काही कळत नाही. बहुतेक डीएसएलआर सेन्सरच्या कडेच्या झाकलेल्या पिक्सेलांवरून काळ्याची पातळी ठरवतात आणि उष्णतेमुळे वाढलेला सरसकट भाग स्वतःच वजा करून टाकतात. सरासरी काळ्या पातळीच्या आसपासच राहते. अनेक 14 बिट बॉडींमध्ये ती 2048 असते, काहींत 1024 किंवा 512. बघायचा तो कोपरा आणि मध्य यांतला फरक, आणि तोही आकाशाच्या तुलनेत. समजा तुमच्या लाइट फ्रेममध्ये (म्हणजे आकाशाच्या फ्रेममध्ये) आकाश काळ्यापेक्षा 600 पातळ्या वर आहे, तेजोमेघाचे फिके भाग आकाशापेक्षा 10 पातळ्या वर आहेत आणि कोपरा मध्यापेक्षा 40 पातळ्या वर. म्हणजे ग्लो तुमच्या विषयाच्या चौपट आहे, त्याच्याशी भांडावंच लागेल. फरक दोन पातळ्यांचा असेल तर कॅमेरा सोडून द्या आणि झोपा.

रंगाबद्दलही बराच गैरसमज असतो. जांभळा दिसला म्हणजे अवरक्त किरण शिरले, असं ठामपणे सांगणारे भेटतात. तसं असू शकतं, पण रंगावरून ते सिद्ध होत नाही. उष्णतेने सुटलेल्या इलेक्ट्रॉनला रंग नसतो; लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरखालच्या पिक्सेलांत तो सारखाच जमतो. पुढे व्हाइट बॅलन्स लावताना लाल चॅनेलला साधारण 2 ने आणि निळ्याला 1.5 च्या आसपास गुणलं जातं, हिरवा तसाच राहतो. तिन्हींत सारखी असलेली भर गुणाकारानंतर जांभळी होते. जवळच्या अवरक्ताचंही तेच, कारण सेन्सरवरचे रंगीत फिल्टर 800 नॅनोमीटरच्या पलीकडे जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात. दोन्ही चोर एकाच रंगाचा सदरा घालून येतात.

तेव्हा संशयित तीन. पहिला, बाहेरून शिरणारा उजेड. दुसरा, सेन्सरचा एक भाग शेजारच्या सर्किटमुळे जास्त तापणं, म्हणजे तिथला डार्क करंट (उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ओघ) वाढणं. तिसरा, ज्याच्यावरून या सगळ्याला अ‍ॅम्प ग्लो हे नाव पडलं तो: सेन्सरच्या कडेला असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर स्वतःच प्रकाश टाकतात. त्यांच्यात तीव्र विद्युतक्षेत्रातून जाणारे इलेक्ट्रॉन जवळच्या अवरक्तातले फोटॉन सोडतात, आणि हाताच्या अंतरावर बसलेले पिक्सेल ते इमानेइतबारे टिपतात. सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या काळात हे फार उघड होतं; 2004 च्या निकॉन डी70 मधला वरच्या डाव्या कोपऱ्यातला जांभळा डाग खगोलछायाचित्रकारांच्या तोंडी होता. पुढे एक्स्पोजर चालू असताना आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा बंद ठेवायची पद्धत आली आणि तो डाग पुष्कळ मावळला. आताच्या सीमॉस सेन्सरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर एका कोपऱ्यात नसून ओळीने पसरलेले असतात, शिवाय शेजारी कन्व्हर्टर आणि वीजपुरवठ्याची सर्किटं असतात, त्यामुळे तिथे कडेची पट्टी, किरणांचा पंखा, तारा फुटल्यासारखा आकार, असं काहीही दिसू शकतं.

तिघांना वेगळं करायला तीन गोष्टी पुरतात: अंधार, गारवा आणि घड्याळ. उजेड अंधाराला घाबरतो. डार्क करंट गारव्याला घाबरतो. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रकाश या दोघांनाही फारसा जुमानत नाही, फक्त वेळेप्रमाणे वाढतो.

अंधाराची चाचणी अशी. लेन्स काढून बॉडी कॅप लावली आणि तिच्यावर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर गुंडाळले. फॉइल यासाठी, की काळ्या प्लास्टिकची कॅप डोळ्यांना अपारदर्शक असली तरी अवरक्त किरण त्यातून बऱ्यापैकी पार होतात. काळ्या कापडाचंही तसंच, चार घड्या घातल्या तरी भरवसा नाही. घरात दिवे बंद करून, कपाटात कॅमेरा ठेवून 180 सेकंदांची एक डार्क. मग तसाच कॅमेरा बाहेर टेबलावर, ट्यूबलाइट लावून दुसरी. पहिलीत फक्त उजवा कोपरा आला. दुसरीत उजव्या कोपऱ्याबरोबरच वरच्या कडेला एक पसरट, फिका पट्टा आला. म्हणजे आपल्याकडे एक नाही, दोन भानगडी होत्या, आणि लाइट फ्रेममध्ये त्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

पट्ट्याचा उगम टॉर्चने शोधला. 60 सेकंदांच्या फ्रेम, आयएसओ 3200, प्रत्येक फ्रेममध्ये टॉर्च एकाच जागी फिरवायचा: एका फ्रेमला बॅटरीचं दार, एकीला कार्डाचं दार, एकीला हॉट शू, एकीला लेन्स माउंटची कड, एकीला व्ह्यूफाइंडर. कुठल्या फ्रेमला कुठे टॉर्च होता ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांनी सगळ्या काळ्या फाइली सारख्याच दिसतात. चार फ्रेम कोऱ्या निघाल्या आणि व्ह्यूफाइंडरची पांढरीफटक. एक्स्पोजरच्या वेळी आरसा वर जाऊन फोकसिंग स्क्रीन झाकतो खरा, पण ते झाकण घट्ट बसण्यासाठी बनवलेलं नसतं. सेकंदाच्या शतांशात घेतलेल्या फोटोला त्याने काही बिघडत नाही, तीन मिनिटांना बिघडतं. आणि शेतात हा उजेड कुठून आला? कॅमेऱ्यामागे दोन हातांवर स्टुलावर लॅपटॉप उघडा होता, पडदा सरळ व्ह्यूफाइंडरकडे तोंड करून. कॅमेऱ्याच्या पट्ट्यात ओवलेला तो चौकोनी रबरी तुकडा, जो बहुतेकांना कशासाठी आहे हे माहीत नसतं, तो व्ह्यूफाइंडर झाकण्यासाठीच दिलेला असतो. नसेल तर काळी इन्सुलेशन टेप. लॅपटॉपचा पडदा दुसऱ्या दिशेला वळवला, ते वेगळंच.

ज्यांनी कॅमेऱ्यातला अवरक्त रोखणारा फिल्टर काढून घेतलेला आहे, त्यांनी ही चाचणी दुप्पट काळजीने करावी. तिथे सेन्सर अवरक्ताला जास्त उघडा असतो, आणि काही मिररलेस बॉडींच्या आत शटरची हालचाल ओळखायला अवरक्त एलईडी बसवलेला असतो. तो उजेड फॉइलने अडत नाही, कारण तो आतलाच. फिल्टर व्हीलमध्ये चाकाची जागा ओळखणारा सेन्सरही कधी असाच त्रास देतो.

पट्ट्याचा निकाल लागला, कोपरा राहिला. त्यासाठी फ्रीज.

फ्रीजची चाचणी ऐकायला सोपी आहे आणि कॅमेरा खराब करायला त्याहून सोपी. कॅमेरा, फॉइल लावलेली कॅप, रबराने झाकलेला व्ह्यूफाइंडर आणि इंटरव्हॅलोमीटर (ठरल्या वेळी आपोआप फ्रेम घेणारं उपकरण), सगळं जाड झिप पाऊचमध्ये. सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या; निळे दाणे गुलाबी झाले असतील तर त्या दमलेल्या आहेत, आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून घ्या. पाऊचमधली हवा दाबून बाहेर काढायची आणि बंद करायचं. हे सगळं शक्यतो एसी लावलेल्या खोलीत, म्हणजे आत कोंडलेली हवाच कोरडी असते. इंटरव्हॅलोमीटरला सुरुवातीचा तासाभराचा विलंब द्यायचा, तेवढ्यात बॉडी 5-6 अंशांपर्यंत उतरते. फ्रीजचा दिवा दार लावलं की बंद होतो, पण घरात कोणी दूध काढायला दार उघडलं की लागतो, म्हणून फॉइल आणि रबर इथेही हवंच. काम संपल्यावर पाऊच बाहेर काढून दोन-तीन तास तसाच बंद ठेवायचा. बाहेरून पाण्याचे थेंब जमतील ते पाऊचवर जमू देत. घाईने उघडलात तर तेच थेंब सेन्सरवर, आरशावर आणि सर्किटवर जमतील. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू 24-25 अंशांपर्यंत असतो, म्हणजे कॅमेरा खोलीइतका कोमट होईपर्यंत धोका टळलेला नसतो.

खोलीत 30 अंशाला घेतलेली डार्क आणि फ्रीजमधली डार्क शेजारी शेजारी ठेवल्या, स्ट्रेच हाताने आणि दोन्हीला एकच. कोपऱ्यातला पसरट जांभळा ढग फ्रीजमध्ये जवळजवळ नाहीसा झाला. अगदी टोकाला, शेवटच्या पाऊणशे पिक्सेलांत एक अरुंद, तीव्र कड मात्र तशीच होती. ती कड म्हणजे खरा अ‍ॅम्प ग्लो. ढग म्हणजे उष्णता. बहुतेक जण दोन्हीला एकच नाव देतात आणि मग कूलिंगने अर्धंच का गेलं म्हणून बुचकळ्यात पडतात.

घड्याळाची चाचणी पुष्टीसाठी. 30, 60, 120, 240, 480 सेकंद, आधी सलग आणि नंतर प्रत्येक फ्रेममागे अर्धा तास कॅमेरा बंद ठेवून. विश्रांती देऊन घेतलेल्यांत ढग वेळेच्या जवळपास सरळ प्रमाणात वाढला. सलग घेतलेल्यांत 480 चा ढग 240 च्या दुपटीहून बराच वर गेला, कारण मधल्या वेळात बॉडी तापत होती. कड दोन्हीकडे सरळ प्रमाणातच. रॉ फाइलच्या एक्झिफमध्ये (फाइलसोबत साठवलेल्या नोंदींत) अनेक कॅमेरे आतलं तापमान नोंदवतात, एक्झिफटूलने ते वाचता येतं. हे थर्मामीटर सेन्सरवर चिकटवलेलं नसतं, तेव्हा त्याचा आकडा खरं तापमान म्हणून न घेता दोन फ्रेमच्या तुलनेसाठी वापरावा. त्या एप्रिलच्या 40 फ्रेम तपासल्या तर पहिली 28 अंशांवर होती आणि तिसावी 37 वर, बाहेरची हवा दरम्यान उलट थंड होत गेलेली असताना. डार्क करंट साधारण दर 6 अंशांना दुप्पट होतो. 9 अंश म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट.

मग उष्णता कुठून येते त्याची यादी करून एकेक बंद केलं. सर्वांत मोठा गुन्हेगार लाइव्ह व्ह्यू. फोकस करताना बाह्तिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) लावून दहा मिनिटं लाइव्ह व्ह्यू चालू राहतो, सेन्सर त्या काळात सतत वाचला जातो, आणि लगेच पहिली फ्रेम सुरू होते. फोकस झाला की लाइव्ह व्ह्यू बंद करून दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा तसाच सोडायचा. तोवर गायडिंग, पॉवर बँक, दवाचा हीटर बघून घेता येतं. इमेज रिव्ह्यू बंद. वाय-फाय, जीपीएस बंद. पडदा उघडून बाहेर वळणारा असेल तर तो बॉडीपासून लांब उघडा ठेवायचा, म्हणजे पाठ हवेला मोकळी राहते. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी लावून वीज बाहेरून दिली तर पकडीतला एक तापता तुकडा कमी होतो. पण ती स्वस्तातली घेऊ नका. खराब रेग्युलेटरमुळे फ्रेममध्ये आडव्या पट्ट्या येतात आणि एक रोग घालवायला गेलं तर दुसरा पदरात पडतो. दोन फ्रेमच्या मध्ये 45 सेकंदांचा विराम दिला. पाठीमागे पाच व्होल्टचा छोटा पंखा लावला, पण वेगळ्या स्टँडवर. कॅमेऱ्यालाच बांधला तर त्याची थरथर ताऱ्यांत उतरते. बर्फाची पिशवी बांधणारेही असतात. आपल्याकडच्या दमट हवेत तसलं धाडस करू नये.

एक्स्पोजर 180 वरून 90 सेकंदांवर आणावं का, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. खरा अ‍ॅम्प ग्लो एकूण उघड्या वेळेवर अवलंबून असतो. दोन तासांत जमायचा तो 180 च्या 40 फ्रेममध्येही जमतो आणि 90 च्या 80 मध्येही. प्रत्येक फ्रेम कमी जांभळी दिसेल, पण स्टॅकमध्ये फरक पडणार नाही. उष्णतेच्या ढगाला मात्र मधल्या विरामांचा फायदा होतो. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून चतुर्थांश ते तृतीयांशापर्यंत आला की त्याहून लांब एक्स्पोजर देण्यात या उघड्या एफ/2.8 ला काही मिळत नाही, म्हणून आम्ही 120 वर थांबलो.

एवढं केल्यावर जे उरतं ते वजा करायचं, आणि इथे डार्क फ्रेम नीट जुळवणं हेच खरं काम. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन हे काम स्वतः करतं: प्रत्येक फ्रेमनंतर तेवढ्याच वेळाची एक डार्क घेऊन लगेच वजा. तापमान छान जुळतं. पण अर्धी रात्र झाकल्या शटरमागे जाते, आणि एकाच डार्कचा नॉइज लाइटमध्ये मिसळतो, म्हणजे डार्कपुरता नॉइज 1.41 पट. त्याऐवजी 20 डार्कची सरासरी वजा केली तर तो 1.02 पटच होतो. 20 च्या पुढे 50 पर्यंत गेलात तरी फरक जेमतेम दीड टक्क्याचा, तेव्हा रात्र तिथे घालवू नका.

वजाबाकीने काय जातं आणि काय जात नाही हेही लक्षात ठेवायला हवं. ग्लोचा आकार जातो. ग्लोचा नॉइज जात नाही. एखाद्या पिक्सेलवर ग्लोमुळे 400 इलेक्ट्रॉन जमले तर त्यांतली अनिश्चितता 20 इलेक्ट्रॉनांची, आणि 400 वजा केले तरी ती 20 मागे राहते. म्हणून नीट कॅलिब्रेट झालेल्या चित्रातही तो कोपरा किंचित खरखरीत दिसतो. डिदरिंगचा, म्हणजे दर फ्रेमला चौकट थोडी सरकवण्याचा, इथे उपयोग नाही. ते सुट्या हॉट पिक्सेलांना (उष्णतेने उगाच चमकणाऱ्या ठिपक्यांना) विखुरतं, हजार पिक्सेल रुंदीच्या ढगाला पाच-दहा पिक्सेल हलवून काय होणार?

डार्क स्केलिंग, म्हणजे 300 सेकंदांची एकच मास्टर डार्क घेऊन सॉफ्टवेअरला ती 120 साठी आखूड करायला सांगणं, ग्लो असलेल्या कॅमेऱ्यात वापरू नका. सॉफ्टवेअर सगळ्या डार्कला एकाच गुणकाने गुणतं. ढग तापमान आणि वेळ दोन्हींवर चालतो, कड फक्त वेळेवर. हॉट पिक्सेल जुळतील असा गुणक कडेला जुळत नाही, कडेला जुळणारा ढगाला नाही. सिरिलमध्ये डार्क ऑप्टिमायझेशनची खूण काढून टाका. आणि जुळवलेली डार्क वापरताना लाइटमधून बायस (जवळजवळ शून्य वेळेच्या फ्रेममधली मूळ पातळी) वेगळी वजा करू नका, ती डार्कच्या पोटात आधीच आहे.

डार्क जुळली की नाही हे वजाबाकीनंतर कोपऱ्याच्या रंगावरून लगेच कळतं, आणि हा ताळा फार कामाचा आहे. कोपरा अजून जांभळा उरला तर डार्क थंड होती, कमी वजा झालं. कोपरा हिरवट झाला तर डार्क गरम होती, गरजेपेक्षा जास्त वजा झालं. जांभळ्याचं उलट हिरवं. पहिल्या खेपेला आपला कोपरा हिरवा आला, कारण डार्क सगळ्या सत्राच्या शेवटी, तापलेल्या कॅमेऱ्यावर सलग घेतल्या होत्या. शिवाय सगळं काम 32 बिट फ्लोटिंगमध्ये ठेवा. 16 बिटमध्ये उणे आकडे शून्यावर कापले जातात आणि हॉट पिक्सेलांच्या जागी काळी भोकं उरतात.

शेतात डार्क घ्यायच्या तर तीन हप्त्यांत: पाच-सहा सुरुवातीला, पाच-सहा मधे, विषय मध्यमंडल ओलांडतो आणि माउंट (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा आधार) उलटवायचा असतो तेव्हा, उरलेल्या शेवटी. याहून बरं म्हणजे डार्कचा संग्रह. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाहीच, तेव्हा कॅमेरा डार्कसाठी मोकळा असतो. 120 सेकंद, आयएसओ 1600 या एकाच जोडीच्या डार्क वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायच्या: फ्रीजमध्ये, एसी खोलीत, साध्या खोलीत, दुपारी बंद कपाटात. मग एक्झिफच्या तापमानाप्रमाणे 3-3 अंशांचे कप्पे करून फोल्डर लावायचे, प्रत्येकात किमान 20. डिसेंबरमध्ये पठारावर मृगाचा तेजोमेघ टिपताना कॅमेरा 15 अंश दाखवेल आणि एप्रिलमध्ये 32, दोघांची डार्क एक असू शकत नाही. आयएसओ बदलला की संग्रह बाद, म्हणून आयएसओ एकच ठरवा आणि त्याला चिकटून राहा. हॉट पिक्सेल वयाप्रमाणे वाढतात, त्यामुळे दर पावसाळ्यात संग्रह नव्याने करायचा.

एक खोटा ग्लोही असतो. फ्लॅट फ्रेममधून (लेन्सची कोपऱ्यांतली काळोखी दुरुस्त करायला सारख्या उजेडाकडे रोखून घेतलेल्या फ्रेममधून) त्यांची स्वतःची बायस किंवा फ्लॅट-डार्क (फ्लॅटइतक्याच वेळेची डार्क) वजा केली नाही तर फ्लॅट जास्त भागतो किंवा कमी, आणि चारही कोपरे उजळ किंवा काळवंडलेले निघतात. चारही कोपरे सारखेच वागत असतील तर सेन्सरकडे बोट दाखवण्याआधी फ्लॅट तपासा. खरा ग्लो सहसा एका कडेचा किंवा कोपऱ्याचा पक्ष घेतो.

कूलिंगवाला खगोल कॅमेरा घेतला की हे सगळं मिटेल, अशी आशा असते. सेन्सर कोणता त्यावर आहे. सोनीच्या आयएमएक्स294 आणि आयएमएक्स183 मध्ये उणे 10 अंशांवरही उजव्या बाजूने किरण फुटल्यासारखा ग्लो ठळक दिसतो, कारण तो कड प्रकारचा आहे, गारव्याला न जुमानणारा. आयएमएक्स533 आणि आयएमएक्स571 मध्ये तो डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या जोडीचे कॅमेरेही उत्तम चित्रं देतात, अट एवढीच की तापमान, गेन (आयएसओसारखी वाढ), ऑफसेट (काळ्याची पातळी) आणि सेकंद चारही जुळलेल्या डार्क हव्यात. तापमान ठरवून धरता येतं, हीच कूलिंगची खरी कमाई.

आपल्या जुन्या डीएसएलआरवर हे सगळं करून पुढच्या अमावास्येला तोच भाग पुन्हा टिपला. पट्टा गेला, ढग वजा झाला, खालच्या उजव्या टोकाची पाऊणशे पिक्सेलांची खरखरीत कड उरली. ती क्रॉपमध्ये जाते. पण क्रॉप करायचाच असेल तर आधीच कॅमेरा असा फिरवून बसवावा की तो कोपरा सगळ्यात कमी कामाच्या आकाशावर येईल. आम्ही तो ज्येष्ठेपासून पूर्वेला निघणाऱ्या काळ्या धूळपट्ट्यावर येऊ दिला होता. तिथल्या अंधारात खरखर चटकन दिसते. आता तो पश्चिमेकडे अनुराधेच्या बाजूला ठेवतो.